मागची सीट

"उजवा पाय वर घे. नाही, तुझा उजवा," चष्मेवाला पुढून म्हणाला. "हं. चल."

पडदेवालीने पॅडलवर जोर दिला तेव्हा त्याने दिलेला नव्हता, आणि त्याने दिला तेव्हा तिने घाबरून पाय उचललेला होता. जोडसायकल हातभर पुढे सरकली, एकदा समुद्राकडे झुकली, एकदा मिठागराकडे झुकली, आणि दोघंही पाय टेकून उभे राहिले. मागच्या चाकाला दोन्ही अंगांनी लटकवलेल्या पिशव्यांमधले डबे खडखडले. सकाळपासून हे असंच चाललं होतं.

"एकदम निघायचं असतं," तो मागे न बघता म्हणाला.

"भाऊजी निघायचे का एकदम?"

"हो."

एवढं बोलून त्याने पुन्हा पॅडल वर घेतलं. या खेपेला सायकल निघाली. पडदेवालीच्या पुढ्यात नवऱ्याची पाठ होती, त्या पाठीवर घामाचा डाग पसरत चालला होता, आणि तिला मानेने डावीउजवीकडे वळून जेवढं दिसेल तेवढंच जग तिच्या वाट्याला आलं होतं.

गल्लीत दोघांची दुकानं समोरासमोर होती. तो चष्मे विकायचा, ती पडदे शिवायची. एक लोकांना दाखवतो, दुसरी लोकांना झाकते, म्हणून यांचा संसार बरोबरीत सुटलाय, असं शेजारचा न्हावी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. आणि गंमत अशी, की या चष्मेवाल्याला जगात जिवाभावाचा मित्र एकच, आणि त्याला चष्म्याचा काडीचा उपयोग नव्हता. हा मित्र जन्मापासून आंधळा. इस्पितळाच्या टेलिफोनवर बसून त्याने सगळी नोकरी काढली, आता निवृत्त झाला होता, पण त्याचं ऑपरेटर हे नाव काही निवृत्त झालं नव्हतं. पडदेवाली तेवढी त्याला भाऊजी म्हणायची. दरवर्षी थंडी सरत आली की हे दोघं ती लांबलचक सायकल बाहेर काढायचे आणि किनाऱ्याच्या रस्त्याने चार दिवस भटकून यायचे. पुढे चष्मेवाला, मागे ऑपरेटर. मागच्या सीटला हँडल असतं, पण ते नुसतं धरायला. ते वळत नाही, त्याला ब्रेक नाही, घंटीसुद्धा नाही. आंधळ्या माणसाला याहून सोयीची जागा शोधून सापडायची नाही, म्हणून पडदेवालीनेही कधी त्या सीटकडे वाकड्या नजरेने पाहिलं नव्हतं.

मागच्या वर्षी मात्र नवरा रक्तदाबाच्या गोळ्या घरी विसरला. ती बस पकडून त्यांना गाठायला गेली आणि उतारावरच्या एका वळणाशी, पुलाच्या कठड्याजवळ उभी राहिली. सायकल दिसायच्या आधी आवाज आला. आवाज नवऱ्याचा होता, पण तो बोलत होता हे तिला पटायला वेळ लागला.

"खाली तीन होड्या आहेत. दोन निळ्या. तिसरीचा रंग पार उडालाय, पण बगळे सगळे तिच्यावरच बसलेत. त्यांना जुनं सामान आवडत असणार. पाणी आज कसं आहे सांगू का, भिंतीला रंगाचा पहिला हात मारल्यासारखं. वर हिरवं, आणि खालचं सगळं दिसतंय. आणि हे बघ, पुलावर माझी बायको उभी आहे. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलीय, म्हणजे रागावलीय."

मग सायकल तिच्यापुढे थांबली, आणि तोच माणूस तिला म्हणाला, "आणल्यास? बरं झालं."

परतीच्या बसमध्ये पडदेवाली खिडकीला डोकं टेकून बसली होती. या माणसाने तिला जन्मात कधी पाण्याचा रंग सांगितला नव्हता. जेवताना तो 'मीठ' म्हणायचा. 'दे' तिने समजून घ्यायचं. घरात मूग गिळून बसणारा तिचा नवरा बाहेर असा धबधब्यासारखा वाहत होता, आणि ते पाणी सगळं दुसऱ्याच्या घागरीत पडत होतं. एखाद्या बाईशी बोलला असता तर निदान कडाडून भांडता आलं असतं. मित्राशी बोलतो म्हणून नवऱ्याशी भांडणारी बाई गल्लीत हशाचा विषय झाली असती, त्यातून तो मित्र आंधळा. ती गप्प राहिली आणि वर्षभर आतल्या आत धुमसत राहिली.

महिन्यापूर्वी ऑपरेटरने तिला घरी पडद्यांची मापं घ्यायला बोलावलं. "उजेडाचं मला काय, वहिनी," तो हसून म्हणाला होता. "दुपारी ऊन येतं, खोली भट्टी होते." ती स्टुलावर चढली आणि टेप शोधायला लागली. पिशवी चाचपली, कंबर चाचपली.

"गळ्यात बघा," ऑपरेटर खुर्चीतून म्हणाला.

टेप गळ्यातच होती.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तो सांगतो ना. टेप गळ्यात असते आणि तुम्ही घर उलटंपालटं करता. दोरा दाताने तोडता. भांडलात की भांडी आवाज न करता घासता. झोपेत हसता कधीकधी."

"अजून काय काय सांगतात?"

"सगळंच!" ऑपरेटर खुशीत म्हणाला. त्या भल्या माणसाला वाटलं, हे ऐकून तिला आनंद होईल.

तिने खिडकीचं माप घेतलं, विसरली, पुन्हा घेतलं. मग स्टुलावरून न उतरताच म्हणाली, "भाऊजी, यंदा ती मागची सीट मला द्या."

मांडीवरच्या पडद्याच्या कापडाचं टोक ऑपरेटर दोन बोटांत धरून चुरत राहिला. "गुडघा दुखतोय म्हणून सांगतो," तो शेवटी म्हणाला. "मला समोरासमोर खोटं बोलायला जमत नाही. टेलिफोनवर जमेल."

तर सीट अशी मिळाली होती. आणि सकाळपासून त्या सीटवर बसून पडदेवालीच्या पदरात काय पडलं होतं? खड्डा. वळण. सोड. चल. गिअर टाकतोय. खड्डा.

मिठागरं संपली, सुरूची झाडं लागली, झाडांच्या फटींतून समुद्र लुकलुकायला लागला. तिने घसा साफ केला.

"अहो, आज पाणी कसं आहे?"

"कसं म्हणजे?" पाठ म्हणाली. "दिसतंय ना तुला."

दुपारी ते खाडीच्या तरीपाशी पोचले. पलीकडून होडी यायला अवकाश होता. धक्क्यावर पत्र्याच्या छपराखाली चहाचं दुकान होतं आणि दुकानवाली बाई चष्मेवाल्याला लांबूनच ओळखून हसली.

"आज दुसरे साहेब नाही आले?"

"गुडघा दुखतोय त्याचा."

"अरेरे! तुम्ही दोघं असलात की इथे रेडिओ लावायला लागत नाही."

"भाऊजींना बोलायची आवडच आहे," पडदेवाली म्हणाली.

"ते कुठले बोलतात?" दुकानवालीने ओल्या हाताने चष्मेवाल्याकडे बोट केलं. "ते ऐकतात. बोलतात हे. माझ्या दुकानात काय काय आहे ते मला यांच्याकडून कळतं. बरणीच्या झाकणाला चीर गेलीय, हे यांनी त्यांना सांगितलं तेव्हा मी पाहिलं."

चष्मेवाला खाली मान घालून थाळी घेऊन आला. ती त्याने बायकोपुढे ठेवली, थोडी फिरवून सरळ केली आणि म्हणाला, "पाव बाराला. चहा तीनला. अंडं नऊला आहे, सोललेलं." असं म्हणत त्याने तिची तर्जनी धरली आणि अलगद नेऊन कपाच्या काठाला टेकवली. "गरम आहे, जपून."

घड्याळाच्या काट्यांवर जेवण मांडायची ही आंधळ्यांची रीत. बोट कपाला लागल्यावर दोघंही थांबले. त्याने हात काढून घेतला.

"सवय," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

पडदेवालीला वाटलं, इतक्या हळुवारपणे या माणसाने आपलं बोट कधी धरलं होतं? आणि आत्ता धरलं तेही आपलं म्हणून नाही. तिने ते बोट टेबलाखाली नेऊन पदराला पुसायला गेली, आज पदर नव्हता म्हणून पँटला पुसलं आणि पाव तोडायला लागली.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. नाव बघून त्याचा चेहरा उजळला, अर्धं अंडं हातात तसंच घेऊन तो उठला आणि धक्क्याच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. त्याची पाठ तिच्याकडे होती. दिवसभर तीच बघत होती ती, पण आता त्या पाठीला जीव आला होता. खांदे हलत होते. अंडं धरलेला हात लांब करून तो खाडीच्या तोंडाकडे दाखवत होता, मग वर, मग पलीकडच्या तीराकडे. फोनवरच्या आंधळ्या माणसाला तो हाताने दाखवत होता. वारा उलटा असल्यामुळे शब्द एकही इकडे येत नव्हता. पडदेवालीने कान टवकारले, मग आपण कान टवकारतोय याची तिला चीड आली. चहावर साय धरली. दुकानवाली कपबश्या विसळताना तिच्याकडे बघत होती, आणि ते तिला आणखीच झोंबलं.

तो परत आला तेव्हा अजून हसत होता. बसल्यावर हसू मावळलं.

"ऑपरेटर होता. गुडघा सुजलाय म्हणाला. तरी भरती आली का, विचारत होता." त्याने चहाचा कप नुसता फिरवला. "आवाज बरा वाटला नाही मला त्याचा. या वयात गुडघा गेला की गेलाच. सकाळपासून तेच डोक्यात आहे. पुढच्या वर्षी जमेल का नाही, कोण जाणे."

म्हणजे सकाळभर तो गप्प होता, तेव्हाही मागच्या सीटवर ऑपरेटरच बसला होता. पडदेवाली असून नसल्यासारखी होती.

"त्यांच्या गुडघ्याला काही झालेलं नाही," ती म्हणाली.

"काय?"

"धडधाकट आहेत ते. तुम्हाला खोटं सांगितलंय."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे."

तिने अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं तिच्या अंगावर शेकणारं होतं, म्हणून गिळलं. चष्मेवाल्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने एक काच पुसली, दुसरी पुसली, पुन्हा पहिली पुसायला घेतली. गिऱ्हाइकांना तो नेहमी बजावायचा, शर्टाने काच पुसू नका, चरे पडतात. चष्म्याशिवाय त्याचा चेहरा अगदी उघडा दिसत होता. तिला जे हवं होतं ते झालं होतं, घाव बरोबर जिथे बसायचा तिथे बसला होता, आणि तिला मुळीच बरं वाटत नव्हतं.

होडी आली. खाडी ओलांडून होईपर्यंत दोघं सायकलच्या दोन बाजूंना उभे होते. पलीकडे उतरल्यावर त्याने पिशवीतून पाना काढला, पुढची सीट खाली केली, मागची वर केली आणि पाना परत ठेवला.

"तू पुढे बस."

"मी?"

"मला नाही चालवायची."

"अहो, मला ही चालवता येत नाही!"

"साधी येते ना? तशीच ही. वळताना जरा लवकर वळ, मागे शेपूट आहे हे ध्यानात ठेव." आणि तो मागच्या सीटवर जाऊन बसला, रुसलेलं पोर मागच्या बाकावर जाऊन बसतं तसा.

पुढची जागा म्हणजे वेगळंच प्रकरण होतं. मागे असताना वारा तिने नुसता ऐकला होता, आता तो थेट छातीवर आला. रस्ता अंगावर धावून येत होता. हँडल जरा हललं तरी सगळा डोलारा हलत होता, आणि त्या डोलाऱ्यात मागे एक जिवंत माणूस होता. त्याचं नाक दिसत नव्हतं, डोळे दिसत नव्हते. तो रडतोय का दात खातोय, काही कळायला मार्ग नव्हता.

"खड्डा," ती म्हणाली. तोवर खड्डा गेला होता. मागे तो आपटल्याचा आवाज आला.

"पुढच्या वेळी लवकर सांगते. आता पूल आहे, बारका. कठडा एकाच बाजूला आहे. आता एक कुत्रा आहे. आपल्याकडे बघतोय. उठला. नाही, बसला." भीतीने तिचं तोंड सुटलं होतं आणि ते बंद करायची तिला हिंमत होत नव्हती, शांतता झाली तर सायकल पडेल असं तिला वाटत होतं. "उजवीकडे मिठाचे ढीग आहेत, ताडपत्र्या घातलेल्या. शिलाई अगदीच वाईट आहे हो, इतक्या लांब टाक्यांनी का कोणी ताडपत्री शिवतं? समुद्र चुरगळलाय. तागा सोडून ठेवला आणि इस्त्री करायची राहून गेली, असा. लांबवर काठाला पांढरी दुमड आहे. ती उसवतेय आणि पुन्हा शिवली जातेय."

मागून काही नाही. पॅडल मात्र दोघांच्या पायांनी फिरत होतं. जोडसायकलची साखळी एकच असल्यासारखी असते. मागचा किती जोर लावतो ते पुढच्याच्या पायाला कळतं. तो लावत होता. तिला आता समोर कोणी नव्हतं, ज्याच्याकडे बघून जीभ अडखळेल असं कुणीच नव्हतं.

"अहो," ती रस्त्याला म्हणाली. "भाऊजींचा दोष नाही. ही सीट मीच मागितली. गुडघ्याचं त्यांना सुचलं, पण मी गप्प बसले, म्हणजे माझंच झालं ते."

पॅडल एकदम जड झालं. त्याने पायातला जोर काढून घेतला होता.

ती थांबली नाही. आता थांबली असती तर पुढचं कधीच बोलली नसती. समोरचा वारा, मागची दोन्ही ओझी आणि स्वतःचं वजन, सगळं तिच्या दोन मांड्यांवर आलं. धाप लागली तसं वाक्य तुटून तुटून बाहेर पडायला लागलं.

"तुम्ही माझ्याशी बोलत नाही. त्यांच्याशी बोलता. माझ्याबद्दल बोलायचं तेही त्यांच्याशीच बोलता. मी झोपेत हसते, हे मला भाऊजींनी सांगितलं. मी त्यांच्यावर जळते. आंधळ्या माणसावर जळते मी! लाज वाटते, पण जळते. मला वाटलं, सीट मिळाली की बोलणंही मिळेल."

चाकांचा आवाज येत राहिला. एक ट्रक अगदी अंगावरून गेला आणि सायकल थरथरली. तिने ती सावरली. मग बऱ्याच वेळाने, एखादं कुलूप तेल घातल्यावर फिरावं तसं पॅडल हलकं झालं.

"म्हणजे गुडघा ठीक आहे त्याचा," तो म्हणाला.

"हो."

"नक्की?"

"पडद्याची दांडी बसवताना माझ्याआधी स्टुलावर चढले होते."

"गाढव," तो म्हणाला. दोघांपैकी कोण, ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. मग तो म्हणाला, "पुढच्या वर्षी येईल मग," आणि आवाजातला आनंद दाबायचा त्याने प्रयत्न केला, पण तो काही दबला नाही.

तो आनंद पडदेवालीच्या काळजात सुईसारखा गेला. चार दिवसांपुरती मिळालेली जागा होती ही. पुढच्या वर्षी ती पुन्हा दुकानात असणार, आणि पाणी कसं आहे ते इथे दुसऱ्याच कुणाला कळणार.

"येतील की," ती म्हणाली. "त्यांचीच सीट आहे."

रस्ता समुद्राला अगदी बिलगला. वाऱ्याने तिचा रुमाल डोक्यावरून मागे उडवला आणि तो खांद्यावर लोंबत राहिला. हँडल सोडायची सोय नव्हती, म्हणून तिने तो तसाच राहू दिला. चढ लागला, गिअर टाकायला ती विसरली, दोघांनी तसाच ओढून काढला. वर पोचल्यावर ती श्वास घेत होती तेव्हा मागून आवाज आला.

"तुझ्या मानेवर तीळ आहे."

"कुठे?"

"मागे. केस सुरू होतात तिथे, जरासा डावीकडे. एक नाही, दोन आहेत. दुसरा इवलासा आहे, मोठ्याच्या आडोशाला बसल्यासारखा. एरवी तो दिसत नाही. घाम आला आणि केस बाजूला झाले, की मग दिसतो. आत्ता दिसतोय."

तिने तो आवाज ओळखला. पुलाच्या कठड्यापाशी उभं राहून तिने ऐकला होता तोच हा आवाज, घाई नसलेला, एकेक गोष्ट उचलून हातात ठेवणारा. पडदेवालीचे पाय चालत राहिले. तिला मागे वळून बघावंसं वाटत होतं आणि वळलं तर तो गप्प होईल हेही माहीत होतं.

"मला ठाऊकच नव्हतं," ती म्हणाली.

"तुला कसं दिसणार?"

"तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

"पहिल्यापासून."

उतार सुरू झाला. तिने ब्रेकवर बोटं ठेवली. विचारू की नको, विचारू की नको, असं करत निम्मा उतार गेला.

"भाऊजींना सांगितलंय?"

तिने ब्रेक जरासा दाबला.

"नाही," तो म्हणाला. "ते नाही सांगितलं."

"सांगू नका," पडदेवाली म्हणाली.